काट्याची चकली

मी मासे घेऊन आले की जिन्याच्या दुसऱ्या वळणावरच मला चाहूल लागते, वर दारात तारी उभे आहेत. "वैनी, पिशवी जड आसा काय?" असं कधी विचारणार नाहीत. सरळ पिशवीत डोकावतील नि म्हणतील, "डोकी आणलात मा? का थयच टाकून इलात?"

शेजारीपाजारी एकमेकांकडे विरजण मागतात, कढीपत्ता मागतात, फार तर शिडी मागतात. आमचे तारी मासळीतलं टाकाऊ मागतात. सुरमईचं डोकं, मधला काटा, शेपटी, कोलंबीची सालं. फक्त कल्ले नकोत. "कल्ल्यात घाण असता वैनी, तां मांजराक. बाकी सगळा माका." आणि त्याला कचरा म्हटलेलं अजिबात खपत नाही. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, तर आठ दिवस माझ्याशी हिंदीत बोलत होते. रागावले की ते हिंदीत बोलतात. "भाभीजी, नमस्ते," म्हणाले आणि निघून गेले. मला कळेचना, भाभीजी कोण!

मुलुंड पूर्वेला आमची जुनी चार मजल्यांची इमारत. तिसऱ्या मजल्यावर तीन दारं. जिन्याला लागून मी, मधे वासुदेव तारी, आणि टोकाला हंसाबेन. मी बावीस वर्षं पोळीभाजीचं केंद्र चालवलं, त्यामुळे खाण्याच्या पदार्थाबद्दल कुणी काही विचारलं की मला गप्प बसवत नाही. तारींना तेच हवं होतं. त्यांनी मला न विचारता चाखणारी म्हणून नेमून टाकलं.

हा माणूस चौतीस वर्षं मासळी गोठवण्याच्या नि डबाबंद करण्याच्या कारखान्यात तपासनीस होता. पांढरा कोट, रबरी बूट, डोक्याला जाळी. समोरून मासे जायचे, त्यातलं मांस कापून बर्फात घालून परदेशी रवाना. उरलेलं सगळं ट्रकमध्ये. तो ट्रक कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्यांकडे जायचा. चौतीस वर्षं तारींनी तो ट्रक भरताना पाहिला आणि चौतीस वर्षं त्यांचा जीव तुटला. "मांस जाता विलायतेक नि जीव जाता कोंबड्यांक! सगळो जीव काट्यात आसा, वैनी. कॅल्शियम काट्यात, लोह डोक्यात. नि आमची पोरां काय खातत? ह्यां!" असं म्हणून ते कुणाच्याही हातातल्या वेफर्सच्या पाकिटाला टिचकी मारतात. "फोडा, फोडून बघा. अर्धी हवा आसा!" दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई आता मुलाला पाकीट घेऊन दिलं तर ते पदराखाली, म्हणजे ओढणीखाली, लपवून वर नेतात.

तर काट्यांची पूड करायची, ती पिठात मिसळायची, आणि त्याची चकली, शेव, शंकरपाळे असं काहीतरी करायचं, जे पोरं स्वतःहून मागून खातील. एवढंच त्यांचं म्हणणं. ऐकायला काय सोपं वाटतं!

बाजारातली मंदा कोळीण हॉटेलवाल्यांसाठी मासे कापून देते. तिच्याकडचे काटे तारी दुपारी घेऊन येतात. मग मीठ, लिंबू, तीन पाण्यांनी धुणं, आणि नंतर कुकर. काटा मऊ व्हायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ दुसरा कुणी माणूस खुर्चीवर बसेल, पेपर वाचेल. तारी गॅलरीत येरझारा घालतात. हाताची बोटं एकमेकांवर आपटत, तोंडाने काहीतरी मोजत. मी म्हणते, "अहो भावजी, बसा जरा. कुकर काय पळून जाणार आहे?"

"माका बसूक येळ नाय, वैनी."

चहा उभ्याने. जेवण ओट्याशी उभ्याने. पोस्टमन सही घ्यायला आला तर कागद भिंतीला लावून सही, चालता चालता. त्यांच्याकडे बघून बघून मलाच धाप लागते. माझी भाजी निवडायची राहून जाते आणि मीही उगाच उठून खिडकीशी जाते, परत येते. एका माणसाने सबंध मजला अस्वस्थ करून ठेवला होता.

पहिलं वाळवण त्यांनी गच्चीवर घातलं. मुलुंडमधल्या सगळ्या कावळ्यांना निरोप गेला असावा. मग दोन घारी आल्या. तारी छत्री घेऊन गच्चीवर मधोमध उभे, छत्री उघडतायत, मिटतायत, "हाड! हाड!" करतायत, आणि समोरच्या इमारतीतले लोक मोबाईलवर शूटिंग घेतायत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: गच्चीवर कोणतेही वाळवण घालू नये. त्यांच्या पायी माझे सांडगे गेले. त्यानंतर ओव्हन आला. पूड करता करता मिक्सरची दोन भांडी आणि एक मोटर खलास झाली.

आणि चाखण्याचं काम माझं. "वैनी, डोळे मिटा. तोंड उघडा. आता सांगा, काय लागता?"

पहिली शेव. "मासे."

दुसरी शेव. "मासे."

मग नाचणीचा लाडू. तो मी तोंडात घातला आणि पाण्याचा पेला शोधायला लागले. "सांगा, सांगा!" म्हणून ते माझ्याभोवती फिरतायत. मी म्हटलं, "भावजी, खरं सांगू? ससून डॉक लागतो. गूळ घातलेला."

दुसऱ्या कुणाचं तोंड पडलं असतं. तारी ताटली उचलून जवळजवळ धावतच आत गेले. असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी सकाळी सात वाजता जिन्यात आरोळी. मला वाटलं, पाणी गेलं की काय. दार उघडलं तर तारी, हात हळदीने पिवळे. "चरबी! वैनी, चरबी! वास काट्यात नसताच मुळी, वास चरबीत असता!" खालून वरून दारं उघडली, लोकांनी बघितलं, पुन्हा लावली. तेव्हापासून ते काट्यावरची चरबी काढायला लागले. गरम पाण्याने, कोकमाच्या आगळाने, काय काय करून. दिवसेंदिवस वास कमी होत गेला, हे मी माझ्या नाकाने सांगते.

वासाचं एवढं का, तर टोकाला हंसाबेन. त्या जैन. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, आणि सूर्य बुडाला की पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. तीस वर्षं त्यांची आणि तारींच्या बायकोची, सुमतीची मैत्री. एकीच्या घरी रोज मासे आणि दुसरी असली कडक, पण कधी खटका नाही. सुमतीने हंसाबेनसाठी वेगळी कढई, वेगळं तेल, वेगळा सोऱ्या ठेवला होता. तिची भाजणीची चकली हंसाबेनच्या घरी जायची आणि हंसाबेनचे थेपले, हांडवो, गूळ-तुपातली सुखडी इकडे यायची. डबा कधी रिकामा परत जायचा नाही. आपल्याकडे नसतोच जात. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतो आपण, पण घालतो.

दोन वर्षांपूर्वी सुमती गेली. हंसाबेन थेपल्यांचा डबा अजून पाठवतात. तारी तो खातात, कारखान्यात धुवायचे तसा उकळत्या पाण्याने धुतात, पालथा घालून सुकवतात, आणि चकचकीत करून परत देतात. रिकामा. मी एकदा बोलणार होते. मग म्हटलं, जाऊ दे, पुरुषमाणूस, एकटा.

तर तो दिवस. थंडीचे दिवस होते, सहालाच अंधारतं तेव्हाचे. सकाळी अकराला तारींनी मला बोलावलं. टेबलावर दोन डबे, दोन्हींत चकल्या. एक साधी, एक काट्याची. साधीही त्यांनीच केली होती, सुमतीच्या त्या वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात. "नमुन्यात भेसळ होता नये." हिरव्या झाकणाचा डबा साधा, पांढऱ्याचा काट्याचा, हे मला दिसलं. त्यांनी डोळे मिटायला लावले. एक तुकडा दिला, मग दुसरा.

मी चावत राहिले. ओवा, तीळ, तिखट, हिंग. मी म्हटलं, "दोन्ही चकल्याच आहेत की हो!"

"परत! डोळे उघडू नकात." खुडबुड ऐकू आली. पुन्हा एक, पुन्हा दुसरा. पुन्हा तेच. मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी डोळे उघडले तर हा माणूस ओट्याला टेकून, दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा. मग एकदम, "मंदाक सांगून येतंय! तुमी गॅसवर नजर ठेवा!" आणि चपला घालत घालत जिना उतरून गेले. एका पायात माझी होती, हे नंतर कळलं.

मी कुकर बघत बसले. पंधरा मिनिटं झाली नसतील, तर दारात हंसाबेन. हातात पिशवी, अंगावर प्रवासाची साडी, मुलीकडे निघालेल्या. "शालूबेन, मी जाते घाटकोपरला, जिज्ञाकडे. तीन-चार दिवस. माझा डबा आहे काय इकडे?"

डबा होता. फळीवर, चकचकीत, पालथा. मी घेतला आणि माझा हात काही पुढे होईना. स्वतःच्या हाताने कुणाच्या हातात रिकामा डबा कसा द्यायचा? तोही हंसाबेनच्या, आणि त्या घरातून! समोर दोन डबे. हिरवं झाकण, साधी चकली, सुमतीच्या कढईतली. मी दहा-बारा भरल्या आणि दिल्या.

हंसाबेननी झाकण उघडून पाहिलं. डबा पिशवीत न ठेवता हातातच धरून गेल्या.

तारी आले ते चार वाजता. मंदाच्या फळीशी उभे राहून त्यांनी अर्ध्या बाजाराला चकली खिलवली होती. मी सहज म्हणाले, "तुमच्या साध्या चकल्या मी हंसाबेनना दिल्या हं, डब्यातून. हिरव्या झाकणाच्या."

त्यांचा चेहरा उतरला. "हिरव्या?"

"हो. साधी ना ती?"

"वैनी." ते पहिल्यांदाच हळू बोलले. "दुसऱ्या वेळेक मी झाकणां बदललंय. तुमी झाकण बघितला असतला म्हणान."

पोळीभाजी केंद्रात बावीस वर्षांत मी एकालाही उपासाच्या दिवशी डाळ दिली नव्हती. आणि इथे त्या बाईचं जन्माचं व्रत, पंच्याहत्तर वर्षांचं! आणि या माणसाने वर्षभर खपून वास असा काही घालवला होता की त्यांना खाताना कळणारही नव्हतं.

फोन लावला. वाजला. कुठे वाजला, तर भिंतीपलीकडे, हंसाबेनच्या कुलूपबंद घरात. त्या फोन विसरून गेल्या होत्या. जिज्ञाचा नंबर त्या फोनमध्येच.

"सहाच्या आदी जेवतली ती," तारी म्हणाले. "दिवस बुडाच्या आदी."

घाटकोपरचं घर मला माहीत होतं. रिक्षा मिळाली तेव्हा पाच वाजत आले होते. हायवेवर भांडुपपर्यंत बरं चाललं, कांजूरला गाड्या तुंबल्या. उजव्या हाताला, इमारतींच्या मागे, सूर्य. तारी दर दोन मिनिटांनी वाकून त्याच्याकडे बघतायत, जसा काही तोच सिग्नल धरून बसलाय. "भैया, उधरसे निकालो. नाय, उधरसे!" रिक्षावाला म्हणाला, "काका, उडके जाऊं क्या?"

विक्रोळीच्या अलीकडे रिक्षा ठप्प झाली आणि तारी उतरले. उतरून चालायलाच लागले! मी आतून ओरडतेय, "अहो भावजी, घाटकोपर आहे अजून! चालत कुठे निघालात?" ते गाड्यांच्या मधून तरातरा पुढे. दोन मिनिटांनी रिक्षा हलली, त्यांना गाठलं, मी हात धरून आत ओढलं. रिक्षावाला मला म्हणाला, "माताजी, इनको पकडके बैठो."

मी खरंच त्यांचं मनगट धरून बसले. घामाने ओलं होतं.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "मी सांगते त्यांना. काय बोलायचं ते मला बोलू देत."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. जरा वेळाने, बाहेर बघतच म्हणाले, "सुमतीक काटो लागलो होतो, तुमका म्हायती आसा मा?"

मला माहीत होतं. शेवटच्या आजारात तिचे हात थरथरायचे. एकदा मांदेलीचा काटा घशात अडकला, दवाखान्यात जाऊन काढावा लागला.

"तेच्यानंतर तिना मासो तोंडात घालूक नाय. मी काटे काढून देय होतंय. चष्मो लावन, बॅटरी धरून. एक एक कण बघून. ती ताटाकडे बघी नि म्हणी, एखादो रवलो असात." त्यांची बोटं एकमेकांवर आपटायला लागली. "मालवणचा माणूस, वैनी. वरीसभर पिठलाभात खावन गेला."

मी त्यांचं मनगट आणखी घट्ट धरलं.

"नि काटो मऊ करूचो कसो, ह्यां माका ठावक होता. डबाबंद मासळी करीत कारखान्यात, तेच्यात काटो बोटान चुरता. चौतीस वरसां बघी होतंय. पण ती समोर बसान पिठलां खाय होती तेव्हा डोक्यात इला नाय." मनगट माझ्या हातातून सोडवून घेतलं त्यांनी. "गेल्यावर इला. म्हयन्याभरान."

पुढे घाटकोपरचा पूल येईपर्यंत ते वाकून सूर्याकडे बघत राहिले. पाय मात्र सारखा हलत होता.

जिज्ञाच्या दारी पोचलो तेव्हा पावणेसहा होऊन गेले होते. दार तिनेच उघडलं. आत टेबलाशी हंसाबेन, समोर ताट, खिचडी-कढी, आणि बाजूला डबा. झाकण काढलेला. मी चपला काढायला वाकले, तर माझ्या डोक्यावरून तारींचा आवाज, "हंसाबेन, हात लावू नकात! त्या चकलीत मासळी आसा. माझी चूक. मीच भरलंय डबो."

मी तोंड उघडलं. त्यांनी मागे न बघता हाताने मला गप्प केलं.

जिज्ञाचा आवाज चढला. "काका, तीस वर्षं! तीस वर्षं आम्ही तुमच्या घरचं डोळे मिटून खाल्लं. आई पंच्याहत्तरची आहे, तिला काय वाटेल, जरा तरी..." तारी उंबऱ्याबाहेर उभे. आत पाऊल टाकलं नाही. मान खाली घालून ऐकत होते, आणि त्या वेळी मात्र जरासुद्धा हलत नव्हते. तेच मला बघवेना.

हंसाबेननी हात वर केला. "जिज्ञा, बस. मी खाल्ली नाय."

"डबा तर उघडा आहे!"

"उघडला. बघितली. राहू दिली." त्या तारींकडे बघत होत्या. "दोन वरसांनी त्या घरातून भरलेला डबा आला. खिचडीच्या बरोबर उगाच कशाला खाऊ? म्हटलं, सकाळी. सकाळी पहिली तीच खाईन."

म्हणजे आम्ही आलो नसतो, तर एका रात्रीचं अंतर होतं.

तारींनी पुढे होऊन डबा उचलला, झाकण लावलं. "ह्यो आता तुमका चलाचो नाय. नवो आणून देतंय." हंसाबेन "हो" म्हणाल्या. एवढंच. बाहेर बघितलं, सूर्य बुडतच होता, पाणी प्यायल्या, ताटापुढे हात जोडले. जेवण अर्धं तसंच राहिलं.

रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं होतं. परतताना तारींनी त्याला विचारलं, "मच्छी खाते हो?" तो म्हणाला, खाता हूं. "पक्का? आज कौनसा वार? तुम्हारा कुछ उपवास वगैरे? घरवालोंको चलता है?" तो बिचारा घाबरला. मग डबा त्याच्या पुढ्यात ठेवला. मुलुंडपर्यंत त्याने सगळ्या संपवल्या. "काका, मस्त है. क्या डाला है इसमें?" एरवी या प्रश्नावर तारी त्याला कॅल्शियमपासून कोंबड्यांपर्यंत सगळं ऐकवतील. ते म्हणाले, "मच्छी का कांटा." आणि बाहेर बघायला लागले.

त्यानंतरचे चार दिवस मंदाकडून काटे आले नाहीत. कुकर लागला नाही. येरझारा मात्र चालू. या टोकापासून त्या टोकापर्यंत, हंसाबेनच्या कुलपाशी जायचं, वळायचं. मीही माझ्या दाराआड तेच करत होते. मला कळत होतं, या माणसाच्या डोक्यात चकली नाही. हंसाबेन परत आल्या आणि त्यांनी दार लावूनच घेतलं, तर सुमतीचं जे काही या मजल्यावर उरलंय तेही संपलं.

पाचव्या दिवशी हंसाबेन आल्या. मी पिशव्या घेतल्याच नाहीत हातात, आधी बोलून टाकलं. "हंसाबेन, डबा मी भरला होता. भावजींनी नाही. ते बाजारात होते."

त्या कुलूप उघडत होत्या. "मला खबर आहे."

"त्यांनी सांगितलं?"

"कोण सांगेल? शालूबेन, दोन वरसात तो माणूस डबा भरला नाय. त्या दिवशी कुठून भरेल? दारात पण तूच होती. मीच घेतला ना तुझ्या हातातून?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतका धडधडीत खोटेपणा, आणि आम्ही दोघींनीही तो मुकाट ऐकून घेतला होता.

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"तो बोलला ना तुझ्यासाठी," हंसाबेन म्हणाल्या. "मी मधे कशाला बोलू?"

संध्याकाळी, ऊन होतं तेव्हाच, नव्या डब्यातून थेपले गेले. मी दाराच्या फटीतून बघत होते, लपवत नाही. तारींनी डबा दोन्ही हातांनी घेतला. हंसाबेन म्हणाल्या, "वासुभाई, कुकर लावा. चार दिवस आवाज नाय तर मला पण झोप येत नाय." आणि निघून गेल्या.

त्याला आज नऊ दिवस झाले. कुकर लागतोय. मंदाचे काटे येतायत. बालवाडीच्या बाईंना नमुना दिलाय, तोही ठळक अक्षरांत "यात मासळी आहे" असं चारी बाजूंनी लिहून. पण डबा परत आलेला नाही. थेपले त्यांनी पहिल्याच दिवशी संपवले, मला ठाऊक आहे. काल सकाळी ते वाण्याकडून बेसन घेऊन आले, दुपारी गूळ. संध्याकाळी मला दारात गाठून विचारलं, "वैनी, सुखडीत काय काय असता? करूक कठीण?" मी सांगायला लागले तर अर्ध्यावरच आत गेले.

मी हंसाबेनना म्हटलं, "डबा हवा असेल ना तुम्हाला? मी मागून आणू?"

त्यांनी माझा हात धरला. "मागू नको."

आत्ता मी हे लिहितेय आणि भिंतीपलीकडून झाकण उघडल्याचा आवाज येतोय. मग जरा वेळ काही नाही. मग लावल्याचा. मग पावलं, ओट्यापासून दारापर्यंत. परत ओट्याकडे.